महिन्याचे उरलेले पंचवीस दिवस

चि. मनू,



परवा फोनवर तू एका दमात सांगितलंस की पाळी दीड-दीड महिन्यावर जाते, आली की दोन दिवस उठवत नाही, आणि खोलीतली एक जण म्हणाली, गूळ-शेंगदाणे खा. मग "आत्या, लेक्चर सुरू होतंय" म्हणून फोन ठेवलास. तुझ्या त्या खोलीत चौघी राहता, तिथे हे फोनवर नीट बोलणं व्हायचं नाही. म्हणून लिहिते. माझी सगळी नोकरी आरोग्यसेविकेची, त्यामुळे भाषा मधूनमधून दवाखान्याची होईल. चालवून घे.

आपल्याकडे पाळीची चर्चा होते ती त्या चार-पाच दिवसांचीच. पूर्वी कशाला शिवायचं नाही ते सांगत, आता टीव्हीवर कुठलं पॅड घ्यायचं ते सांगतात. पण त्या दिवसांत पोट किती दुखेल, अंगावरून किती जाईल, मुळात तारीख पाळली जाईल की नाही, यातलं बरंचसं आधीच्या तीन-साडेतीन आठवड्यांत ठरून गेलेलं असतं. मला बोलायचंय ते महिन्याच्या या उरलेल्या दिवसांबद्दल.

तारीख पुढे जाते म्हणजे काय होतं, ते आधी समजून घे. मेंदूकडून पिट्युटरी नावाच्या ग्रंथीला इशारा जातो, तिच्याकडून अंडाशयाला, आणि मग एक स्त्रीबीज पिकून बाहेर पडतं. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंत बहुतेकींना बारा ते चौदा दिवस लागतात आणि त्यात फारसा फरक पडत नाही. कमी-जास्त होतो तो बीज पिकण्याचा काळ. पाळी दहा दिवस लांबली, तर बहुतेक वेळा बीजच दहा दिवस उशिरा सुटलेलं असतं, नाही तर त्या महिन्यात सुटलेलंच नसतं. म्हणून कारण शोधायचं तर काल काय खाल्लं हे आठवून उपयोग नाही, तीन-चार आठवडे मागे जावं लागतं. तेव्हा तुझं काय चाललं होतं? स्पर्धा परीक्षेच्या पूर्व परीक्षेचे शेवटचे दिवस, रात्री दोनपर्यंत जागरण, मेसचा डबा अर्धा तसाच परत. पोटाला कमी, झोप कमी आणि निकालाची धास्ती, या तिन्हींमधून मेंदूला निरोप एकच पोचतो की सध्या दिवस बरे नाहीत. मग तो आपला इशारा मंद करतो.

(दिवस राहिले असण्याची शक्यता कुणाच्याही बाबतीत असेल, तर सगळ्यात आधी लघवीची तपासणी. मी तुला काही विचारत नाही. पण इतकी वर्षं हे वाक्य प्रत्येकीला सांगत आले, ते तुझ्यासाठी गाळायचं कारण दिसत नाही.)

इकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे रस्त्याच्या कडेने पळताना दिसतात. ८०० मीटरची वेळ बसवायची, गोळाफेकीचे गुण मिळवायचे. त्यातली एक आईबरोबर माझ्याकडे आली होती. चार महिने पाळी नव्हती. आईला त्याचं विशेष काही नव्हतं, भरती होईपर्यंत कटकट नाही ते बरंच, असं तिचं मत. मी पोरीला दिवसभरातलं खाणं विचारलं. पळून आल्यावर चहा-खारी, दुपारी दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी, रात्री वजन वाढतं म्हणून नुसतं ताक. एवढ्या खाण्यावर एवढं पळायचं म्हटल्यावर शरीर दुसरीकडे काटछाट करणारच, आणि पाळी त्यात पहिली जाते. पाठोपाठ हाडं जातात, कारण पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेनही घसरलेलं असतं आणि हाडांची राखण तेच करतं. अशा मुलींची नडगी नुसत्या पळण्याने तडकते. पळणं सोड असं मी तिला म्हटलं नाही. पळून आल्याबरोबर दोन अंडी, ती चालत नसतील तर दूध आणि दाण्याचा लाडू, रात्री भाकरी-उसळ पोटभर, एवढं सांगितलं आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडे धाडलं. दोन-अडीच महिन्यांनी पाळी आली. तू पळत नाहीस, पण डबा परत पाठवतेस.

आता त्या गूळ-शेंगदाण्याचं. खायला माझी ना नाही, चहा-बिस्किटापेक्षा केव्हाही चांगले. पण त्याने रक्त वाढेल हा हिशेब जमत नाही. तुझ्या वयाच्या बाईला आहारातून दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावं, असं आयसीएमआरचं २०२०चं प्रमाण आहे. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं. बीट लाल दिसतं म्हणून लोक ते रक्तासाठी खातात, त्यात तर आणखी कमी. दर पाळीला साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातं, ८०च्या वर गेलं की ते जास्तच समजायचं. गेलेलं भरून काढायला रोजच्या जेवणातच काहीतरी असावं लागतं. आपल्याकडे ते नसतं, असं सरकारी आकडेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांचं रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. गोळ्या वाटून, शिबिरं घेऊन ते खाली यायच्या ऐवजी वर गेलं. त्या शिबिरांच्या टेबलामागे मी बसलेली आहे, म्हणून हा आकडा मला जरा जास्तच टोचतो.

मेसच्या जेवणात तुला काय करता येईल ते सांगते. मटकी, मूग, चवळी यांची उसळ ज्या दिवशी असेल, त्या दिवशी ती दोनदा घे आणि वर लिंबू पिळ. डाळी-कडधान्यांतलं लोह एरवी अंगी कमी लागतं, आंबट काही सोबत असलं की जास्त लागतं. लिंबू नसेल तर पेरू, आवळा, टोमॅटोची कोशिंबीर. आणि जेवून उठल्या उठल्या टपरीवर जो चहा मारता, तो तासभर पुढे ढकल. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतं आणि ते तसंच बाहेर जातं. ही एक सवय बदलायला पैसा लागत नाही, वेळही लागत नाही, तरी सांगितलेल्या शंभर बायकांतल्या फार थोड्या बदलतात.  वहिनीला मी कारळ्याची चटणी, तिळाची चटणी आणि अळिवाचे लाडू पाठवायला सांगितलंय. अळीव बाळंतिणीनेच खायचे असं कुणी सांगितलं तर हस आणि खा. कधी भाकरीचा पर्याय असेल तर चपातीऐवजी बाजरीची घे, नाचणीची मिळाली तर उत्तम, तिच्यातून कॅल्शियमही मिळतं.

आणि तरीही, रक्त खरोखर कमी असेल तर ते नुसत्या खाण्याने लवकर भरत नाही, लोहाची गोळी लागते. शाळेत आठवड्याला ती निळी गोळी मिळायची ना, तीच जात. पण आता किती आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. चहा किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्यायची. चार दिवसांत बंद करून "मला सोसत नाही" म्हणणाऱ्या मी फार पाहिल्या.

दुखण्याचं बघू. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती स्नायूंना आवळायला लावतात, त्या पिळवटण्याने पोट दुखतं. मळमळ आणि पातळ शौचही त्यामुळेच. आपण ज्या गोळ्या घेतो, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या, त्या ही द्रव्यं तयार होणंच रोखतात. म्हणून कळ सुरू होते तेव्हाच घेतलेली गोळी चांगली चालते. "सहन होईल तेवढं करते" म्हणत सहा तासांनी घेतली तर तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मात्र रिकाम्या पोटी नको, आणि दम्याचा, अल्सरचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. २०२३च्या नोव्हेंबरात भारतीय औषधकोश आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल सूचनाही काढली होती, की क्वचित कुणाला त्याची गंभीर अ‍ॅलर्जी होते. घेतल्यावर अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी बंद करून दवाखाना गाठायचा. गरम पाण्याच्या पिशवीला असला काही धोका नाही. ओटीपोट शेकल्याने खरंच आराम पडतो, ती आजीबाईंची समजूत म्हणून सोडू नकोस. पिशवी फक्त कपड्यावरून ठेव.

पण मी म्हटलं तसं, खरी कमाई उरलेल्या दिवसांत आहे. आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास शरीर हलवणाऱ्या बायकांचं पाळीचं दुखणं चांगलंच कमी होतं, असं २०१९ साली जुने अभ्यास एकत्र तपासून निघालंय. चालणं, योगासनं, दोरीवरच्या उड्या, जे जमेल ते. तू पुण्यात सदाशिव पेठेत राहतेस. पर्वतीची टेकडी तुझ्यापासून काय लांब? १०३ पायऱ्या चढायच्या, वर चार मिनिटं वारा खायचा, खाली यायचं. अभ्यासिकेत दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीला चिकटून बसतेस, त्यातला एक तास गेल्याने कुणाचं पद जात नाही. पाळीच्या दिवसांतही चालायला हरकत नाही, जीव नको म्हणाला तर नको.

झोपेबद्दल एकच. रोज एका वेळी झोप आणि एका वेळी ऊठ, किमान सात तास. पहाटे चारची बॅच आणि रात्री दोनची बॅच, दोन्ही एकीलाच जमत नाहीत.

आता तुमच्या अभ्यासिकांचा एक प्रकार मला तुझ्या मैत्रिणीकडून कळला आणि राग आला. शंभरावर मुलं-मुली आणि मुलींना संडास एक, त्याला धड कडी नाही. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि एक पॅड सकाळी लावलं की रात्री खोलीवर येऊन काढतात. याने लघवीला जळजळ, जांघेत पुरळ, खाज हे ठरलेलं. पॅड चार ते सहा तासांनी बदललंच पाहिजे, अंगावरून कमी जात असलं तरी. कापड वापरत असशील तर त्यातही कमीपणा नाही, फक्त ते साबणाने धुऊन उघड्या उन्हात वाळव, ओढणीखाली लपवून नको. पाळीचा कप जमत असेल तर तो बारा तासांच्या आत रिकामा करायचा आणि दर पाळीनंतर उकळून ठेवायचा. ती जागा धुवायची सुगंधी द्रव्यं बाजारात आलीयत, त्यांची काही गरज नाही, साधं पाणी पुरतं. आणि अभ्यासिकेच्या मालकाला पाच-सहा जणींनी मिळून कडी आणि कचऱ्याचा डबा मागा. महिन्याचे पैसे तो मोजून घेतो ना?

आणखी एक गोष्ट तुमच्या वयातही शिरलीय असं ऐकते. गौरी-गणपती आले, घरी सत्यनारायण आला की पाळी पुढे ढकलायची गोळी. आता म्हणे परीक्षेच्या दिवसासाठीही घेतात, थेट मेडिकलमधून. त्या गोळीतलं नोरएथिस्टेरॉन हे संप्रेरक आहे, खडीसाखर नव्हे. एखाद्या वेळी खरीच अडचण असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. ज्यांना रक्ताच्या गुठळीचा, यकृताचा किंवा जोरदार अर्धशिशीचा त्रास आहे, त्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. मुळात आधीच अनियमित असलेल्या पाळीत दर सणाला ही गोळी घातली, तर तुझं चक्र नेमकं कसं आहे ते कुणालाच कळणार नाही. गौरी कुणाच्या पाळीने बाटत नाहीत, हे माझं मत तुझ्या आजीलाही माहीत होतं. तिला पटत नसे. पण तीही गोळी घे म्हणाली नाही.

बाहेर बसण्यामुळे पूर्वी बायकांना आराम मिळे, असं हल्ली काही जण मोठ्या कौतुकाने सांगतात. मी ज्या गावांतून फिरले तिथे बाहेर बसलेल्या बाईला चुलीपाशी जाता येत नसे, पाण्याच्या हंड्याला हात लावता येत नसे. पण भांगलण तिला चुकत नव्हती. दिवसभर उन्हात वाकून यायचं आणि रात्री गोठ्याच्या कडेला निजायचं, यात आराम कुठे शोधायचा? वर कुणाला काही सांगायची सोय नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना अंगावरचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त आठ टक्के. आम्हाला प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा वर्गात कुणालाच नवल वाटलं नव्हतं.

सवयी लाव म्हणून सांगणं सोपं असतं, कारण सांगणाऱ्याच्या घरात संडास असतो. बीडच्या ऊसतोड बायकांना मी कुठल्या तोंडाने सांगू, की चार तासांनी पॅड बदला आणि सात तास झोपा? पहाटे अंधारात फडात जायचं, पाचटात आडोसा नाही, आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे जे आलं ते तू चालू घडामोडींत वाचलं असशील. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींना तर अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं एवढ्यावरून पिशवी काढायला सांगितलं गेलं होतं. कुणी घाबरून तयार झाली, कुणी खाडा नको म्हणून. तू उद्या कुठे तहसीलदार म्हणून बसलीस, तर मुक्कामाच्या तळावर पाणी आणि संडास आहे का हे आधी बघ. मग त्यांना सवयींवर व्याख्यान दे.

आता तुला शेजारच्या मुलीने पीसीओडी, म्हणजे अंडाशयांचा तो संप्रेरकांचा बिघाड, असणार म्हणून सांगून टाकलंय ते. असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मुलं होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना तो असतो आणि त्यातल्या बहुतेकींना पत्ताही नसतो. पण एका सोनोग्राफीच्या कागदावर ते ठरत नाही. लांबणारी पाळी, चेहऱ्यावरचे जाड केस किंवा न जाणारे पुरळ, रक्तातली संप्रेरकं, असं सगळं मिळून ठरवतात, आणि त्याआधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन बघून घेतात. निघालाच, तर तुला वर सांगितलं तेच खाणं-चालणं-झोपणं त्यावरचाही पहिला उपाय. वजन जास्त असलेल्यांचं पाच-दहा टक्के उतरलं तरी पाळी पुष्कळदा सुधारते. तुझं काही जास्त नाही, तेव्हा इंटरनेटवरचा कुठलाही 'डाएट' सुरू करू नकोस.

आणि हे नीट ऐक. चांगल्या सवयी सगळ्या पाळूनही काहींचं दुखणं जात नाही, कारण आत गाठ असते, नाही तर गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, एंडोमेट्रिओसिस, असतो. अशा बाईला "तू व्यायाम करत नसशील" म्हणणं हा निव्वळ छळ आहे. दोन दिवस तुला उठवत नाही, वर्ग बुडतो, गोळीनेही भागत नाही, याला सोसायचं दुखणं म्हणू नकोस. पाळी सात दिवसांच्या वर चालली, तासा-दोन तासाला पॅड भिजू लागलं, दहाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळ्या पडल्या, मधेच डाग दिसू लागले, एकवीस दिवसांच्या आत किंवा पस्तीसच्या पुढे वरचेवर जाऊ लागली, किंवा तीन महिने आलीच नाही, यातलं एक जरी झालं तरी डॉक्टर.

डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. माझ्या वेळच्या बायका कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी एक बारीक फुली मारत, आणि "शेवटची पाळी कधी?" विचारलं की पदराआड बोटं मोजणारीपेक्षा त्या फुलीवालीचं निदान लवकर होई. तू मोबाइलमध्ये लिही नाही तर वहीत. आली ती तारीख, किती दिवस, दिवसाला किती पॅड, दुखलं किती, काय बुडलं. तीन महिन्यांची एवढी नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

पैशाचं कारण सांगू नकोस. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तुला औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. या आठवड्यात एक सकाळ काढ, नाश्ता करून जा आणि स्त्रीरोगाच्या ओपीडीत दाखव. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची टीएसएच तपासणी ते करतीलच, नाही लिहिलं तर विचार. हिमोग्लोबिन १२च्या खाली आलं तर त्याच दिवशी मला फोन कर, वर आलं तरी कर.

तुझी
आत्या